पाटाची पाळी

विहिरीच्या पाण्याचं वेळापत्रक मी नाशिकला, जेवणाच्या टेबलावर बसून केलं होतं. ते चालतंय कसं हे बघायला वैशाखात कोल्हापूरला निघाले. वडील स्टँडवर सोडायला आले होते. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. "जोतिबाला गुलाल-खोबरं वाहा," म्हणाले. मग जरा थांबून, "आणि तिथं कुणाला शिकवत बसू नको."

वडील सातवी पास. नाशिकला आले ते कारखान्यात लेथवर उभे राहायला, आणि तीस वर्षं उभेच राहिले. मी गणितात बी.एस्सी. गावाकडच्या आमच्या भावकीत चोवीस घरं आहेत आणि त्यांत पदवी घेतलेली पहिली मी. याचा मला अभिमान आहे, तो मी झाकून ठेवत नाही. आता मीही एका कारखान्यातच आहे, पण कामाचं वेळापत्रक बनवायला. कोणतं मशीन किती वाजता कोणत्या कामाला लागेल, किती मिनिटं चालेल, हे मी ठरवते.

म्हणूनच गावाहून बापूकाकांचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा मला मोठेपणा वाटला. "तू मिन्टामिन्टाचं करतीस म्हणं. आमचं पाणी तेवढं वाटून दे की."

विहीर आमच्या पणजोबांनी खणलेली. त्यांना चार मुलगे. आठ दिवसांचा एक फेरा धरायचा आणि प्रत्येकानं दोन-दोन दिवस पाणी घ्यायचं, असं ठरलं होतं. प्रत्येकाच्या वाट्याला येणारं पाणी म्हणजे त्याची पाळी. विहीर तीच राहिली आणि चाराची चोवीस घरं झाली. त्यातून उन्हाळ्यात मोटर दोनच तास चालते, मग ती हवा ओढायला लागते आणि पुढं दिवसभर झरे भरायची वाट बघावी लागते. आठ दिवसांचे सोळा तास, घरं चोवीस. हिशोब सोपा होता. एका घराला चाळीस मिनिटं, दिवसाला तीन घरं. मोठ्या घराण्याची पाळी आधी हा जुना मान मी तसाच ठेवला, मिनिटं मात्र सगळ्यांना सारखी केली. नीट तक्ता छापला, लॅमिनेट करून पाठवला. काकांच्या आग्रहावरून खाली माझं नाव घातलं आणि नावापुढं बी.एस्सी.

तीन फेरे झाले आणि काकांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज बसलेला होता. "एकदा येऊन बघून जा. हौसावहिनीच्या तानाजीनं बोअरची गाडी सांगितलीय, सोमवारी सकाळी. त्याचं रान सगळ्यात खाली. तितं चारशे फूट भोक पाडलं की विहिरीचं पाणी तिकडं वळणार. मग एकानं मारली की चोवीसजण मारणार. शेजारच्या भावकीची विहीर तशीच गेली. आता तिच्यात लोक कचरा टाकत्यात."

म्हणजे सोमवारपर्यंत काही झालं नाही, तर पणजोबांची विहीर संपणार होती. शनिवारी सकाळी मी कोल्हापुरात उतरले.

स्टँडच्या बाहेर आले आणि माझ्या मागच्या खेपेनंतरच्या सहा वर्षांत शहर कुठल्या कुठं गेलंय हे कळलं. वडील सांगायचे, इथून पंधरा मिनिटं चाललं की ऊस लागायचा. आता पंधरा मिनिटं चाललं की फर्निचरचं दुकान लागतं, आणि त्याच्या पुढं आणखी एक. मिसळ खायला बसले. कट (मिसळीवरचा झणझणीत रस्सा) दुसऱ्यांदा वाढताना पोऱ्या नव्हे, चांगला पन्नाशीचा गृहस्थ म्हणाला, "पाणी प्या की पावणं, डोळ्यातनं यायलंय." माझ्यापुढं त्यानं पाण्याचा जग आणून ठेवला. नाशिकला राहून तिखटाची सवय मोडली होती, हे मान्य करावं लागलं.

एस.टी.नं जोतिबाच्या डोंगरावर गेले. दर्शनाची रांग दुकानांच्या मधून वाकडीतिकडी उतरत होती. जमिनीपासून कळसापर्यंत गुलाल, माणसांच्या कानात, पापण्यांत गुलाल. कुणीतरी "चांगभलं" म्हणायचं आणि रांग ते उचलून पुढं द्यायची. नारळ, खोबरं, गुलाल वाहून बाहेर आले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत गुलाबी. एका पूजेच्या दुकानात हात धुवायला पाणी मागितलं. दुकानातल्या बाईंनी अर्धा तांब्या दिला, पण सोडला नाही, स्वतःच ओतला, एका हातावर एकदा, दुसऱ्यावर एकदा.

"सांडू नका. खालनं, नदीवरनं चढवून आणायचं पाणी. यात्रंत तर टँकरच. कुटनं आलासा?"

"नाशिकहून. पण गाव इथंच, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला."

"मग पावणी कसली, घरचीच की."

यात्रेला किती माणूस येतं, असं मी विचारलं. माझी सवयच ती.

"मोजतंय कोण? आमची सासू सांगायची, पूर्वी यात्रंतसुद्धा वळखीची तोंडं दिसायची. आता माज्याच दुकानाम्होरं माजा नवरा हरवतोय." बाई हसल्या नाहीत. "पर तक्रार कुटल्या तोंडानं करू? माणूस वाढलंय म्हणून चूल पेटतीया. दोन्ही लेकं हितंच दुकानं घालून बसल्यात. त्यांची लेकं कुटं बसणार, त्ये मला इचारू नका."

डोंगराच्या कडेला जाऊन उभी राहिले. खाली उन्हात पांढरं पडलेलं माळरान, मधेच उसाचे हिरवे चौकोन, आणि सगळीकडं पत्रे. उन्हात पत्रे चमकतात म्हणून घरं मोजता येतात. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

खाली गावाकडं जायला वडाप (माणसं भरली की सुटणारी खासगी जीप) मिळाली. चौघांच्या बाकावर सहा बसलो होतो. एका आजींची वैरणीची दोरी आणि पिशवी माझ्या मांडीवर आली. ड्रायव्हर अजून खालीच उभा.

"दोन घेतो आणि हलतो. सरका की वाईच."

"घे की दोन," मागून कुणीतरी म्हणालं, "पर टायर फुटलं की चौथं चाक तू हो."

दोघं आणखी बसले. गाडी घाटाचं शेवटचं वळण उतरली आणि खालच्या चढाला क्लचचा वास यायला लागला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "तिघं उतरा, चढ संपला की बसा." उतरलेल्यांत मी होते. चढ संपला, पण आमची वाट न बघता गाडी तशीच निघून गेली. उरलेलं अंतर मी बॅग घेऊन उन्हात चालले. बरोबरचे दोघं रोजचे असावेत. त्यांना राग आला नाही.

बापूकाका घरात एकटेच होते. काकी मलकापूरला, थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. काकांनी पाणी दिलं, चहा केला, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. विहिरीचा विषय काढला नाही. मग ताटावरचं फडकं बाजूला केलं. ज्वारीच्या दोन भाकरी, मुगाची आमटी, खर्डा (हिरव्या मिरचीचा भरड ठेचा).

"तू येणार म्हणून हौसावहिनीनं पाठवलंय," काका म्हणाले.

हौसाकाकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती, मुलगा तानाजी आणि दोन म्हशी. सगळ्यात खालचं रान तिचं. माझ्या तक्त्यानं जिचं पाणी तोडलं, असं काका फोनवर म्हणाले होते, तिच्याच हातची भाकरी मी खात होते.

"नक्की काय चुकलंय?" मी विचारलं. "चाळीस मिनिटं सगळ्यांना सारखी आहेत. मी तीनदा तपासलंय."

"उद्या सकाळी तिची पाळी हाय. सात धाला. जाऊन बग."

रविवारी सकाळी मी हौसाकाकीच्या बांधावर होते. काकी साठीची, कडक बांध्याची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खोरं. रानात म्हशींसाठी केलेला मका होता. पानं सुरळीसारखी वळलेली, टोकं पिवळी. वरच्या अंगाला मात्र उसाचा हिरवा पट्टा दिसत होता. तो विहिरीशेजारचा, दादूअण्णांचा. दादूअण्णा म्हणजे मोठ्या घराण्यातले, भावकीत वयानं थोरले.

"बस," काकी म्हणाली. "मी बी बसतो. पाणी यायला येळ हाय." आमच्याकडच्या बायका स्वतःला असंच, बसतो, जातो, म्हणतात. लहानपणी मीही म्हणायची. कॉलेजात मुली हसल्या म्हणून सोडलं.

सात वाजून दहा मिनिटांनी वर मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी मोबाइलवर वेळ लावली. आमच्या पायाशी पाट होता, म्हणजे विहिरीपासून रानापर्यंत पाणी आणणारी मातीची चारी. कोरडा ठणठणीत, तळाला बोट जाईल अशा भेगा.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी उठून पाटाच्या कडेनं वर चालत गेले. पाणी मला अर्ध्या वाटेवर भेटलं. पाणी पळत येतं असा माझा समज होता. ते चालत येत होतं. पुढं फेस, वाळकी पानं, काड्या, पळणाऱ्या मुंग्या. भेग आली की पाणी थांबायचं, आत उतरायचं, भेग भरली की पुढची भेग. वर बघावं तर पाट सरळ नव्हताच. भाऊ वेगळे झाले तशी रानात सहा नवी घरं उठलेली. पाट त्या घरांच्या मोऱ्यांना आणि गोठ्यांना वळसे घालत येत होता. मी नाशिकला बसून तो धरलाच नव्हता. लहानपणी पाहिलेला सरळ पाट एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि तोही फक्त डोक्यात. तक्त्यात नव्हता.

पाणी काकीच्या रानात शिरलं तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती.

काकीनं खोऱ्यानं सरीचं तोंड फोडलं. दारं धरायला (सरीसरीला पाणी फिरवायला) तिला वाकायला लागत नाही, इतकी सवय. पहिली सरी भरली. दुसरी निम्मी भरली. सात पन्नासला पाणी पातळ झालं आणि बघता बघता तुटलं. वर दुसऱ्या एका घराची पाळी सुरू झाली होती. त्यांनी आपल्या रानापाशी पाट फोडून घेतला होता, त्यामुळं पाटात उरलेलं पाणीही त्यांच्याच रानात गेलं. चूक त्यांची नव्हती. माझ्या कागदावर सात पन्नासच लिहिलं होतं.

काकी खोरं टेकवून उभी राहिली. म्हणाली, "झालं बग."

"आधीही असंच व्हायचं?"

"आदी घड्याळ कुटं हुतं मोटरीपाशी? पाणी रानात शिरलं की हितनं हाळी द्यायची, आलं म्हणून. मधल्या रानातला ऐकायचा, तो वर सांगायचा. मग वरचा माणूस पाळी धरायचा. वाटंत पाट प्याला त्ये कुणाच्याच नावावर न्हवतं."

"मग मला फोन करून सांगितलं का नाहीस?"

काकीनं माझ्याकडं बघितलं. "कागद तुजा. खाली डिग्री. मीच सगळ्यांस्नी सांगत हुतो, आमची पोरगी हाय, तिचं चुकायचं न्हाय. म्हटलं माजंच काय तरी चुकत आसंल. लवकर पाट साफ करून बगितला. दुसऱ्या फेऱ्याला चिखल थापून भेगा बुजिवल्या."

तीन फेरे, चोवीस दिवस, ती बाई माझी चूक स्वतःच्या हातानं बुजवत होती. आयुष्यात परीक्षेत मी नापास कधी झाले नाही. नापास झाल्यावर कसं वाटतं ते मला त्या बांधावर कळलं.

तेवढ्यात तानाजी वैरणीचा भारा घेऊन आला. तिशीचा, मितभाषी. "ताई, तुज्यावर राग न्हाय," तो म्हणाला. "पर म्हशी वाळक्या पानावर किती दिस दूध देणार? उद्या नऊला गाडी येतीया."

"बोअर मारलीस तर वरची विहीर जाईल."

"जाईल. मलाबी कळतंय." भारा खाली ठेवून त्यानं तोंड पुसलं. "पर विहीर असून मला काय मिळालं, त्ये तू आताच बगितलंस की."

मी मोबाइलवरची वेळ बंद केली.

दिवसभर मी वही घेऊन चोवीस रानं फिरले. प्रत्येक घरी विचारलं, तुमच्याकडं पाणी यायला किती वेळ लागतो. कुणी मिनिटांत सांगितलं, कुणी म्हणालं दोन भाकरी होईपर्यंत. एका बाईंनी मला दारातच अडवलं. "आता काय, नाशिकचा दुसरा कागद आलाय?" त्याच बाईंनी मग ताक दिलं. दुपारी काकांच्या सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) बसून बेरीज केली आणि वही मिटून ठेवली, इतकी ती बेरीज वाईट होती. पणजोबांच्या मुलांच्या वेळी पाट एका फेऱ्यात चारदा भिजायचा. आता तो चोवीसदा भिजत होता, चोवीसदा वाळत होता. जेवढी माणसं वाढली, तेवढे वाटे बारीक झाले, आणि जेवढे वाटे बारीक झाले, तेवढं जास्त पाणी वाटेतच मुरलं. भागाकार बरोबर होता. भागायचं पाणी मी चुकीचं धरलं होतं.

माझ्या ऑफिसात जेवताना लोक सहज म्हणतात, पृथ्वीवर माणसं फार झाली, या गावाकडच्या लोकांनी पोरं काढली म्हणून. मी आजवर गप्प बसायची. त्या दुपारी मला दिसलं की या चोवीस घरांत आता कुणालाही दोनाहून जास्त मुलं नाहीत. आणि या विहिरीची चोविसावी वाटेकरी, मी, नाशिकला कुठल्यातरी दुसऱ्याच गावच्या धरणाचं पाणी सकाळ-संध्याकाळ शॉवरखाली सोडते. जास्तीचं माणूस कोण, हे बोट दाखवून सांगायला मला जमलं नसतं.

पाच वाजता सगळे विहिरीवर, मोटरीच्या खोलीपाशी जमले. खिळ्याला माझा तक्ता टांगलेला होता, नावासकट. दादूअण्णा कट्ट्यावर बसले होते. डोक्याला पटका, हातात काठी, बोलणं तुटक.

मी म्हणाले, "माझं चुकलं. पाट मी धरलाच नव्हता."

"एवढं कबूल करायला नाशिकासनं आलीस व्हय? फोनवर भागलं आसतं," अण्णा म्हणाले. लोक हसले, पण बोलायची वाट मोकळी झाली.

मी सांगितलं, क्रम घराण्याच्या मानानं नको, रानाच्या जागेनं लावू. एका दिवसाची तीन घरं शेजारशेजारची घ्यायची. सगळ्यात खालच्या रानाला पाणी आधी न्यायचं, तिथून वर वर यायचं. म्हणजे पाट दिवसात एकदाच पिणार. पाळी मोजायची ती पाणी रानात शिरल्यावर, पूर्वीसारखी हाळी देऊन. जवळच्यांची मिनिटं कमी होतील, लांबच्यांना पाणी मिळेल.

"किती कमी?" अण्णांनी विचारलं.

"चाळीसची तेहेतीस."

"पयली पाळी बी घालवायची आणि सात मिन्टं बी. पस्तीसच्या खाली मी येणार न्हाय."

तानाजी बाजूला उभा होता. कुणाकडंच बघत नव्हता. तेवढ्यात बापूकाकांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पालटला. "मलकापूरनं," ते म्हणाले. "पोरगी झाली. दोघी खुशाल हायत."

"बापू आजा झाला," कुणीतरी म्हणालं. अण्णांनी काठी आपटली. "आली बगा पंचविसावी. घाला तिचं नाव."

"पोरीचा कसला वाटा?" मागून एक आवाज.

"मी पोरगीच हाय की," मी म्हणाले. बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून हाय आलं.

सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्यात काय होतं हे मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं होतं. पंचवीस घरं धरली तर चाळीसची अडतीस. नाव ठेवायच्या आधीच त्या बाळाला आम्ही सगळ्यांनी मनात भागून टाकलं होतं. बापूकाका फोन हातात धरून विहिरीत बघत होते. पाणी तळाशी, हिरवट, थाळीएवढं.

मी वडिलांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आमच्या घराची चाळीस मिनिटं बापूकाका त्यांच्या भुईमुगाला वापरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी आधी काकांकडं बघितलं. ते अजून विहिरीतच बघत होते.

"बाबा, आपली पाळी सोडली तर बाकीच्यांना पस्तीसच्या आसपास बसतात."

 कारखान्यात राहिलेल्या माणसाला गावाकडं उरलेलं तेवढंच होतं. वर्षातून एकदाही न घेतलेलं, पण कागदावर असलेलं.

"कुणाला सोडायची?" त्यांनी विचारलं.

"कुणाला नाही. पाटाला. त्याचं पिणं कुणीतरी द्यायलाच पाहिजे."

"बापू काय म्हणतोय?"

बापूकाकांनी घसा साफ केला. "तुजी हाय दादा. तू सांगशील तसं." मग हळूच, "भुईमूग थोडा कमी करतो पुढच्या साली. खायाला घरात आता हाय कोण?"

"मग सोडा," वडील म्हणाले. "पण माझं नाव पार खोडू नका. पाट लिहा, आणि कंसात माझं."

अण्णांनी काठी उचलली. "उद्या नव्या फेऱ्याची पयली पाळी माजी हाय. ती हौसाला जाऊ दे, तिच्यावरच्या दोन रानांस्नी जोडून. मोटर साडेसहालाच लावू. बगू पोचतंय का. न्हाय पोचलं तर तानाजी, तू आणि तुजी गाडी."

तानाजी म्हणाला, "नऊपर्यंत थांबतो."

सोमवारी साडेसहाला मी विहिरीवर होते. अण्णांनी स्वतः बटण दाबलं. घड्याळ माझ्या हातात होतं, पण सुरू करायचं नव्हतं. पाणी पाटात उतरलं आणि पहिल्या घराच्या मोरीमागं दिसेनासं झालं. अण्णा कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होते.  मधल्या घरांच्या अंगणात माणसं येऊन उभी राहिली. कुणी दात घासत, कुणी मूल कडेवर घेऊन, सगळ्यांची तोंडं खालच्या बाजूला.

अर्ध्या तासानं, अगदी खालून, बाईचा आवाज आला. शब्द कळला नाही. मग मधल्या अंगणातला एकजण वर वळून म्हणाला, "आलं." त्याच्या वरच्यानं तेच म्हटलं. ते घराघरांतून चढत आमच्यापर्यंत आलं.

"धर," अण्णा म्हणाले. मी घड्याळ सुरू केलं.

पस्तीस मिनिटांनी मी खाली गेले तेव्हा काकीच्या मक्याच्या सात सऱ्या भरल्या होत्या आणि पाणी वरच्या रानात वळलं होतं. काकी चिखलात उभी. तानाजी बांधावर फोनवर बोलत होता, गाडी आज नको म्हणून. फोन ठेवून तो मला म्हणाला, "या साली. पुढच्या वैशाखाचं मी काय सांगत न्हाय."

"मी मागतही नाही," मी म्हणाले.

जुना तक्ता काढून मी नवा हातानंच लिहिला. तेवीस घरं आणि चोविसाव्या ओळीत, पाट. कंसात वडिलांचं नाव. खाली माझं नाव घातलं. डिग्री घातली नाही. ती हौसाकाकीनं घालायला लावली. "असू दे. चुकून शिकलेली हाय, म्हंजे आता पक्की."

दहाच्या वडापनं निघाले. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा शेजारच्या गावाच्या शिवारात पांढरा धुरळा उठलेला दिसला. तीच बोअरची गाडी असावी, तानाजीनं नको म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या रानात लागलेली. ठोके बराच वेळ गाडीच्या मागं येत राहिले. जमिनीखालचं पाणी भावकी बघत नाही. आमच्या चोवीस घरांनी एका सकाळी स्वतःला आवरलं, त्या धुरळ्याला त्याची खबरही नव्हती. या एवढ्या मोठ्या पृथ्वीवर कुणाला किती, यावर मोठ्या सभा होतात असं आपण वाचतो. तिथल्या तक्त्यात जमिनीच्या पिण्याची ओळ असते की नाही, मला माहीत नाही. माझ्या तक्त्यात नव्हती, आणि मी तर गणित शिकलेली.

नाशिकला आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "कंसात लिहिलंस ना?"

आठ दिवसांचा फेरा पुरा होऊन, पुढच्या मंगळवारी सकाळी सातला हौसाकाकीचा फोन आला. मी मोरीत होते, बादली भरत होती, नळ पूर्ण सोडलेला. काकी काहीतरी म्हणत होती, पण पाण्याच्या आवाजात ऐकू येईना. मी नळ बंद केला.

"आलं," ती म्हणाली.